लेकराचे दुखणे आणि आईबापांचा प्रश्न

रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या कार्यालयाबाहेर काही माणसे थांबलेली असतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला लग्नाची तारीख ठरवायची असते. त्यांच्यातच कधी एखादी माउली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी असते. पिशवीत एक्स-रे, रक्त तपासल्याचे अहवाल आणि घड्या पडून फाटत आलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या असतात. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी असते, एक पाय किंचित जपून टाकणारी. "फादर, दोन वर्षं झाली. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन देतो. रक्तात वात निघालाय म्हणतात. पण हिचं दुखणं आहे तसंच आहे. डॉक्टरांना काही विचारलं तर त्यांना राग तर नाही ना येणार?"

हा प्रसंग कोणा एका घराचा नाही. अनेक घरांतून ऐकलेल्या गोष्टींचा तो सारांश आहे. त्या माउलीच्या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे. लेकराचे दुखणे महिनोन् महिने थांबत नाही, आणि त्याला दिलेले नाव व त्याची प्रत्यक्ष लक्षणे यांचा मेळ बसत नाही, अशा वेळी आईवडिलांनी प्रश्न विचारावा काय? विचारावा, किंबहुना विचारलाच पाहिजे. तो कसा विचारावा आणि कोठे थांबावे, हेही समजून घेतले पाहिजे.

दुखणे खरे असते

पहिली गोष्ट अशी की, मूल दुखते म्हणते तेव्हा ते खरे मानून पुढे जावे. हे वाक्य आज साधे वाटते. परंतु वैद्यकशास्त्रालाही ते शिकायला फार काळ लागला. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील अनेक नामवंत रुग्णालयांत नवजात अर्भकांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, अत्यल्प वेदनाशामक देऊन किंवा न देताच शस्त्रक्रिया केल्या जात. तान्ह्या बाळाची मज्जासंस्था अपक्व असते, त्याला वेदना फारशा जाणवत नाहीत, अशी त्यामागे समजूत होती. भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे संशोधन करून ती मोडीत काढली. त्यांचा निबंध १९८७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी परिणामकारक वेदनाशामक मिळाले नव्हते, त्यांच्या शरीरावर कितीतरी अधिक ताण आला होता, असे त्यांनी दाखवून दिले.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. सुधारित व्याख्येसोबतच्या टिपणांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. आणि एखाद्याला बोलून सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही, असा अर्थ होत नाही. "शाळा बुडवायची आहे म्हणून नाटक करतो" हे वाक्य आपल्या घरांत किती सहज उच्चारले जाते, ते यासंदर्भात आठवून पाहावे.

निदान म्हणजे काय?

अनेकांना वाटते की निदान हे रक्ताच्या अहवालावर छापून येते. वस्तुतः तसे नसते. हाड मोडले असेल तर एक्स-रेमध्ये ते बहुधा दिसते. परंतु सांध्यांच्या व स्नायूंच्या कित्येक आजारांसाठी एकच एक निर्णायक तपासणी नाही. डॉक्टर लक्षणे ऐकतात, अंग तपासतात, अहवाल पाहतात आणि या सर्वांचा मेळ घालून अनुमान काढतात. हे अनुमान विचारपूर्वक काढलेले असले, तरी नवी माहिती हाती आल्यावर ते बदलू शकते. म्हणूनच त्याविषयी प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर स्वतःच्या मनाशी तो प्रश्न विचारीतच असतो.

अडचण पुढे येते. एकदा का दुखण्याला नाव मिळाले, की शोध थांबतो. पुढचा डॉक्टर जुनी चिठ्ठी वाचतो आणि तेच नाव पुढे लिहितो. घरची माणसे तेच नाव शेजाऱ्यांना सांगतात. नाव चुकीचे असेल, तर खरा आजार त्याच्या आडून वाढत राहतो. पुढील तीन उदाहरणे आपल्या भागात वारंवार दिसणारी आहेत.

'रक्तात वात निघाला'

पहिले उदाहरण त्या माउलीच्या मुलीचे. मुलाचे पाय किंवा सांधे दुखतात म्हणून रक्त तपासले जाते. 'एएसओ' नावाचा आकडा वाढलेला दिसतो. लगेच रुमॅटिक फीवरचे निदान होते आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते.

एएसओचा वाढलेला आकडा एवढेच सांगतो की, नजीकच्या काळात स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंचा संसर्ग होऊन गेला आहे. असा संसर्ग शाळकरी मुलांत अगदी सर्वसामान्य आहे. घसा बरा झाला, तरी हा आकडा कित्येक आठवडे वा महिने वाढलेला राहू शकतो. पूर्णपणे निरोगी मुलांतही तो आढळतो. केवळ त्यावरून रुमॅटिक फीवरचे निदान होऊ शकत नाही.

हे निदान ज्या कसोट्यांवर केले जाते, त्या १९४४ साली डॉ. जोन्स यांनी मांडल्या आणि २०१५ साली त्यांची अलीकडची सुधारणा झाली. त्यांत हृदयाचा दाह, सांध्यांची विशिष्ट सूज, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, त्वचेवरील विशिष्ट चट्टे आणि त्वचेखालील गाठी ही प्रमुख लक्षणे आहेत. ताप, रक्तातील दाहाचे वाढलेले आकडे इत्यादी लक्षणे गौण मानली जातात. प्रमुख आणि गौण लक्षणांचा ठरावीक मेळ जमला आणि जोडीला जंतुसंसर्गाचा पुरावा असला, तरच निदान पक्के होते. हृदयाला इजा आहे की नाही, हे पाहण्यासाठी इकोकार्डिओग्राफी करतात. या आजारातील सांधेदुखीचे स्वरूपही ठळक असते. ती मोठ्या सांध्यांत येते, एका सांध्यातून दुसऱ्यात सरकते, अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधाने झपाट्याने उतरते आणि काही आठवड्यांत ओसरते. एकच गुडघा महिनोन् महिने सुजलेला राहतो, सकाळी उठल्यावर मूल आखडलेले असते आणि दिवस वर येईल तसे मोकळे होते, हे चित्र रुमॅटिक फीवरचे नव्हे. ते बहुधा मुलांमधील दीर्घकालीन संधिवाताचे असते.

मुलांनाही संधिवात होतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. वयाच्या सोळा वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सांध्याची सूज, दुसरे कारण सापडत नसल्यास, या गटात मोडते. मोठ्या माणसांच्या संधिवातासाठी जी 'आरए' तपासणी करतात, ती या मुलांपैकी बहुतेकांत निर्दोष येते. म्हणून त्या एका अहवालावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांच्या आत दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. पण नजर मात्र जाऊ शकते. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. वर्षानुवर्षे भलत्याच नावाखाली इंजेक्शने घेत राहिलेल्या मुलाच्या वाट्याला ही तपासणी येतच नाही.

येथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. हे वाचून कोणीही पेनिसिलिनची इंजेक्शने आपणहून बंद करू नयेत. ज्या मुलाला खरोखर रुमॅटिक फीवर झाला आहे, त्याच्या हृदयाच्या झडपांचे रक्षण हीच इंजेक्शने करतात. ती किमान पाच वर्षे आणि हृदयाला इजा झालेली असल्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ घ्यावी लागतात. प्रश्न विचारावा, दुसरे मत घ्यावे; पण निर्णय होईपर्यंत उपचार चालू ठेवावेत.

'वाढीचे दुखणे आहे, जाईल'

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. साधारण तीन ते बारा वर्षांच्या पुष्कळ मुलांना संध्याकाळी किंवा रात्री पाय दुखण्याचा त्रास होतो. त्याला 'वाढीचे दुखणे' म्हणतात. ते निरुपद्रवी असते, पण त्याची ओळख ठरलेली आहे. दुखणे दोन्ही पायांत असते. मांड्या, पोटऱ्या किंवा गुडघ्याच्या मागची बाजू दुखते. चोळले की बरे वाटते. सकाळी मूल नेहमीसारखे धावते. सूज नसते, लंगडणे नसते, ताप नसतो.

या ओळखीत न बसणाऱ्या दुखण्याला हे नाव लावणे धोक्याचे आहे. दुखणे नेहमी एकाच बाजूला आहे, दिवसाही आहे, मूल लंगडते, सांधा सुजला आहे, ताप येतो, वजन घटते, चेहरा फिकट पडला आहे, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग दिसतात, वेदनेने झोपेतून उठलेले मूल चोळूनही शांत होत नाही, यांपैकी काहीही असेल, तर तपासणी लांबवू नये. मुलांमधील रक्ताचा कर्करोग कधी कधी हाडे दुखण्याच्या रूपानेच पहिल्यांदा प्रकट होतो. अशा मुलाला निदान पक्के होण्यापूर्वीच स्टिरॉइड दिले, तर आजाराची लक्षणे काही काळ झाकली जातात आणि पुढचे निदान अवघड होते. म्हणून "हे औषध स्टिरॉइड आहे काय?" हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलाचा गुडघा दुखतो, पण दोष खुब्यात असतो, असे पुष्कळदा घडते. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष आला, तर खुबा तपासला काय, हे विचारावे. आणि लहान मुलाची सतत टिकणारी पाठदुखी कधीच किरकोळ मानू नये. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून संपलेला नाही.

डोंगरपट्टीतील लेकरे

तिसरे उदाहरण पालघर, नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या भागांतील, विशेषतः आदिवासी कुटुंबांतील मुलांचे आहे. मूल अधूनमधून हातपाय, पाठ, पोट दुखते म्हणून कळवळते, चार-आठ दिवसांनी बरे होते, पुन्हा थंडीत, तापात किंवा पाणी कमी प्याल्यावर तेच. कोणी वात म्हणतो, कोणी अशक्तपणा म्हणून टॉनिक देतो, कोणी भगताकडे नेतो. हा सिकलसेल आजार असू शकतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जेथे रक्त पोहोचत नाही तेथे असह्य कळा येतात. तान्हेपणी हातापायांचे पंजे सुजणे हे त्याचे एक आरंभीचे लक्षण होय.

हा आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. प्राथमिक चाचणी सोपी आहे. ती होकारार्थी आल्यास दुसरी, निश्चित सांगणारी तपासणी करतात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. आदिवासी भागांतील ० ते ४० वर्षे वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने कळांचे प्रमाण कमी करता येते. वारंवार दुखणाऱ्या मुलाची ही तपासणी झालेली नसेल, तर ती मागून घ्यावी.

सगळे अहवाल निर्दोष आले तर?

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की, प्रत्येक दुखण्यामागे दडलेला आजार असतोच. तसे नाही. सर्व तपासण्या नीट होतात, काही सापडत नाही, तरीही मूल दुखते म्हणते, असेही घडते. तेव्हा घरात दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक, "काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे." दुसरे, "डॉक्टरांना काही कळत नाही, आणखी मोठ्या डॉक्टरकडे जाऊ." दोन्ही चुकीची आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू केली. तीत तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र स्थान दिले आहे आणि वेदना हाच मूळ आजार असू शकतो, हे मान्य केले आहे. दुखापत भरून आली, तरी वेदना वाहणारी मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहते. धोक्याची घंटा कारण संपल्यावरही वाजत राहावी, तसे होते. हे ढोंग नव्हे आणि वेडही नव्हे. काही मुलांत एखाद्या साध्या मुरगळण्यानंतर हात किंवा पाय असह्य दुखू लागतो, त्याचा रंग आणि तापमान बदलते, नुसत्या स्पर्शाने कळ येते. या प्रकाराच्या निदानाच्या कसोट्या २००३ साली बुडापेस्ट येथील बैठकीत ठरल्या. त्यांतील एक कसोटी अशी की, दुसऱ्या कोणत्याही आजाराने ही लक्षणे अधिक चांगल्या रीतीने समजावून सांगता येत नाहीत, याची खात्री झाली पाहिजे. म्हणजे शंका घेणे हा निदानाचाच एक भाग आहे.

अशा दुखण्यांवर उपाय आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामोपचार, मानसशास्त्रीय उपचार आणि औषधे या तिन्हींचा विचार आहे. शाळा, खेळ, झोप यांची घडी हळूहळू पुन्हा बसविणे महत्त्वाचे असते. दीर्घकाळ अंथरुणावर ठेवणे किंवा वारंवार प्लास्टर घालणे बहुधा अपायकारक ठरते. मानसोपचारतज्ज्ञांचे नाव निघाले की आपण दुखावतो. परंतु त्यांची मदत घेणे म्हणजे मूल खोटे बोलते असे म्हणणे नव्हे.

प्रश्न कसा विचारावा?

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एका वहीत रोज नोंद करावी. कोठे दुखले, कोणत्या वेळी, किती वेळ, ताप होता काय, सूज होती काय, शाळा बुडाली काय, कशाने आराम पडला. लहान मुलाला आकडे सांगता येत नसतील, तर हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहरे काढून त्यांतील एकावर बोट ठेवायला सांगावे. रुग्णालयांतही हीच पद्धत वापरतात. सूज येत-जात असेल, तर ती असतानाच मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. सर्व अहवाल तारखेप्रमाणे लावावेत. तपासणीच्या वेळी मुलालाही बोलू द्यावे. आपण त्याच्या वतीने सर्व सांगून टाकू नये.

मग नम्रपणे, पण नेमके विचारावे: "डॉक्टर, हे निदान कोणत्या लक्षणांवरून झाले? कोणते लक्षण त्यात बसत नाही? दुसरे काय असू शकते, आणि ते कसे तपासता येईल? या उपचाराने किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय?" या प्रश्नांत कोठेही अविश्वास नाही. शेवटचा प्रश्न तर सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यामुळे उपचाराला मुदत मिळते.

उत्तराने समाधान झाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार, मागणी केल्यावर रुग्णाची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत. मुलांच्या सांध्यांच्या आजारांचे तज्ज्ञ वेगळे असतात. आपल्या बालरोगतज्ज्ञांना सांगून त्यांच्याकडेच चिठ्ठी मागावी. नव्या डॉक्टरांना जुने निदान लपवू नये. मात्र आधी लक्षणे सांगावीत, मग जुने नाव सांगावे.

आणि कोठेतरी थांबावेही. दोन अनुभवी तज्ज्ञांनी नीट तपासून एकच उत्तर दिले, तर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दारात मुलाला फिरवू नये. त्याच त्या तपासण्या पुन्हा पुन्हा केल्याने मुलाला एवढेच कळते की आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे. नवे लक्षण दिसले, तर मात्र पुन्हा प्रश्न विचारावा.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरांविषयी. दुःख क्रूस म्हणून स्वीकारावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोठ्या माणसाने स्वतःचे दुःख तसे स्वीकारणे ही एक गोष्ट झाली. लेकराच्या न शोधलेल्या दुखण्यावर तोच शब्द ठेवून गप्प बसणे ही अगदी वेगळी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्याच्या अखेरच्या भागात त्यांनी दयाळू शोमरोन्याचा दाखला घेतला आहे, हे विसरू नये. तो जखमी माणसापाशी थांबला आणि त्याच्या उपचाराची सोय लावूनच पुढे गेला.

म्हणून त्या माउलीला आम्ही सांगतो: बाई, डॉक्टरांना राग येणार नाही, आणि क्षणभर आलाच तरी चालेल. इंजेक्शन चुकवू नका. वही आणि पिशवी घेऊन जा, मुलीला सोबत न्या, आणि विचारा.